फिरती चित्रपटगृहे: जत्रेतल्या तंबूतले नवल

प्रेक्षकाने थिएटरात जावे, हा जगाचा रिवाज. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत मात्र कित्येक दशके थिएटरच ट्रकमध्ये बसून प्रेक्षकाच्या दारी येत राहिले. लोक त्याला टुरिंग टॉकीज किंवा तंबू थिएटर म्हणतात.

ही परंपरा जवळपास सिनेमाइतकीच जुनी. १८८४ साली सुरतेत जन्मलेल्या अब्दुलअली युसुफअली यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिंगापूर, सुमात्रा, ब्रह्मदेश, सिलोनपर्यंत तंबू नेला. १०० फूट लांब, ५० फूट रुंद अशा त्या तंबूत हजार माणसे मावत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके हेही प्रोजेक्टर, पडदा आणि रिळे बैलगाडीत घालून गावोगाव हिंडले. म्हणजे आपल्या नाशिक जिल्ह्याचे या फिरत्या पडद्याशी जन्माचे नाते आहे.

सुगी आटोपून जत्रा भरू लागल्या की तंबूवाले निघत. मोकळ्या मैदानात कनात उभी राही, भोंग्यावरून खेळाची हाळी दिली जाई आणि माणसे मुलाबाळांसह जमिनीवर बैठक मारत. जुन्या प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटवून प्रकाश मिळवत. कांड्या जळून झिजत, म्हणून ऑपरेटरला त्या सतत जुळवून घ्याव्या लागत.

या प्रेक्षकांचे चेहरे टिपणारे अमित मधेशिया यांना २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो पुरस्कार मिळाला. त्यांनी आणि शर्ली अब्राहम यांनी केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गौरवला गेला. रिळांची जागा डिजिटल यंत्राने घेतल्यावर तंबूवाल्यांची काय ओढाताण झाली, ते त्यात दिसते. आधी टीव्ही, मग मोबाइल आणि शेवटी महागडी नवी यंत्रे, अशी तिहेरी कोंडी झाली.

शहरी चुलतभावाचे मात्र पुनरुज्जीवन झाले. १९३३ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत सुरू झालेला, मोटारीत बसून सिनेमा पाहण्याचा ‘ड्राइव्ह-इन’ प्रकार मुंबईत २०२१ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड ड्राइव्हच्या गच्चीवर पुन्हा अवतरला. तिथे मोटार लागते. तंबूला नुसती जमीन पुरे.

तंबू टिकवायचा तर जत्रेच्या मैदानात त्याला हक्काची जागा आणि परवडणाऱ्या दरात नवे चित्रपट मिळायला हवेत. नांदगाव, मनमाड, मालेगाव परिसरात तंबूत सिनेमा पाहिलेली माणसे तुमच्या ओळखीची असतील, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून ठेवा. या परंपरेचा मोठा दस्तऐवज त्यांच्याकडेच आहे.