गुलाबाची पाने कोणी खाल्ली?

गेल्या फाल्गुनात दापोडे येथील आमच्या घरी, अंगणातील गुलाबाची पाने कडेने कापलेली दिसली. काप असे गोल, की जणू कंपासाने आखून कात्रीने उतरवले! मी लगोलग कीटकनाशक आणून दोनदा फवारले. काप थांबले नाहीत. उलट महिन्याभरात पाने पिवळी पडून गळू लागली. मग पान उलटे करून पाहायचे सुचले.

ते गोल काप पाने खाणाऱ्या किडीचे नव्हतेच. मधमाशीची एक एकांडी जातभाई ते तुकडे कापून नेते आणि पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात पिलांसाठी खोल्या करते. निरोगी झाडाचे त्यात विशेष बिघडत नाही, शिवाय परागीकरण होते. तिच्यावर औषध नकोच.

पाने पिवळी केली ती लाल कोळ्याने. याला आठ पाय, म्हणजे तो कीटकही नव्हे! पानाच्या वर फिकट ठिपके व खाली बारीक जाळे, ही त्याची खूण. त्याला खाणारे मित्रकीटक माझ्या औषधाने मेले, तो मात्र बचावला. उष्ण, कोरडी हवा आणि धूळ त्याला मानवते. आमच्या गावातील गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांमुळे धुळीला तोटा नाही. दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांच्या खालून पाण्याची जोरदार धार मारल्यावर तो आटोक्यात आला.

पहिल्या पावसानंतर पानांची चाळण झाली, तर भुंगेऱ्यांचा संशय घ्यावा. हे हुमणीचे प्रौढ रूप. दिवसा लपतात, म्हणून रात्री बॅटरी घेऊन जावे व फांदी हलवून ते साबणाच्या पाण्यात पाडावेत. कोवळ्या शेंड्यावर चिकटा आणि मुंग्या दिसल्या, तर तो मावा. ढालकिडे तो फस्त करतात. तेवढा धीर हवा.

एवढ्यानेही भागले नाही, तर निंबोळीच्या बियांची ५० ग्रॅम पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, थोडा साबण मिसळून संध्याकाळी फवारावी. जुन्या पुस्तकांत बीएचसी पावडर सुचवलेली आढळते; तिच्यावर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे. काळे गोल डाग पडून पान पिवळे होत असेल, तर ती बुरशी. तेथे ही कोणतीच मात्रा पुरत नाही; रोगट पाने तोडून, पडलेली वेचून जाळावीत.