नाटकासाठी मुक्काम

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अडाण नदीच्या काठी वसलेल्या बोरी अरबच्या एखाद्या शेतकरी कुटुंबाने शनिवार-रविवार गाठून नागपूरला नाटक पाहण्याचा बेत केला, म्हणजे तीन तासांच्या प्रयोगासाठी दोन दिवसांचा बंदोबस्त करावा लागतो. गुरांच्या वैरणपाण्याची तजवीज कोणाकडे सोपवावी, नागपुरात उतरायचे कोणत्या नातलगाकडे, आजींना रात्रीचे जागरण झेपेल काय, हे प्रश्न तिकिटाच्या प्रश्नाआधी निकालात काढावे लागतात. पुणेकराला नाटक ही जेवणाआधी उरकण्याची गोष्ट. आमच्या दारव्हा तालुक्यात ती मोहीम होय.

याचे कारण रसिकतेच्या अभावात शोधणे अन्यायाचे ठरेल, कारण मामला मुख्यतः हिशेबाचा आहे. नट, पडद्यामागचे कामगार, नेपथ्य आणि दिव्यांचे सामान घेऊन निघालेल्या मंडळीला मुंबईपासून नागपूर आठशे किलोमीटरांहून अधिक पडते. इतक्या दूरचा खर्च वसूल व्हावयाचा तर मोठे प्रेक्षागृह, सुटीचा वार आणि वाटेवरच्या अकोला-अमरावतीसारख्या शहरांतले लागोपाठचे प्रयोग, या तिहींचा मेळ बसावा लागतो. तालुक्याच्या गावी रसिक असतात, परंतु नेपथ्य मावेल असा रंगमंच आणि खर्च भरून निघेल इतक्या खुर्च्या नसतात. सबब नाटक शहरात थांबते आणि उरलेले अंतर प्रेक्षकाने कापावयाचे असते. यवतमाळपासून कळंब, देवळी, वर्धा या मार्गाने ते दीडशे किलोमीटरांच्या आसपास भरते, आणि प्रयोग रात्री उशिरा सुटत असल्याने परतीची गाडी गाठण्याची आशा धरू नये हे उत्तम.

तथापि ज्या शहराकडे आपण पाहुण्यासारखे जातो, त्याच्या रंगभूमीला आपल्याच मुलखाने काय दिले याची जाण असल्यास प्रवासाला वेगळी गोडी येते. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेला, पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखला गेलेला लोहमार्ग यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मार्गास मिळत असे. त्याच मूर्तिजापुरात 1920 साली वसंतराव देशपांडे जन्मले आणि नागपुरात वाढले. 1967 साली रंगमंचावर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मधील त्यांचे खाँसाहेब ज्यांनी पाहिले, त्यांना दुसरा खाँसाहेब सहसा पटत नाही, आणि हा हट्ट मला रास्तच वाटतो. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, तेथील रंजन कला मंदिर या संस्थेचे संस्थापक; आडनावाने तर आमच्या तालुक्याशी नाते सांगणारे. सिव्हिल लाइन्समधील ज्या सभागृहात आज नाटके होतात, त्याला वसंतरावांचेच नाव आहे.

प्रथमच येणाऱ्या कुटुंबाने तिसऱ्या घंटेआधी निदान अर्धा तास पोहोचावे. अंधारात चपला शोधत, आजींचा हात धरून, इतरांच्या गुडघ्यांवरून आपली रांग गाठण्यात पहिला प्रवेश हातचा जातो, आणि चांगल्या नाटककाराने पुढच्या साऱ्या कलहाचे बी बहुधा तेथेच पेरलेले असते.

निवडीला वाव असेल तर या मुलखातील कुटुंबाने महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ चुकवू नये. यवतमाळ जिल्ह्यातीलच पारव्याला 1939 साली जन्मलेल्या या नाटककाराने वऱ्हाडातील देशपांड्यांच्या घराचा ऱ्हास मांडताना दारात एक बंद पडलेला ट्रॅक्टर उभा केला आहे, आणि येणारा-जाणारा अंधारात त्याला ठेचकाळतो. शहरी प्रेक्षकाला ते प्रतीक वाटते. ज्याच्या आळीत असा ट्रॅक्टर खरोखर उभा आहे, त्याला त्याच्यावरचे कर्ज आठवते. रंगमंचावरची माणसे घरगुती वैदर्भी बोलू लागली की, ‘‘हे तं आपल्यासारखेच बोलून रायले वं!’’ असे शेजारच्या खुर्चीतून आजींनी मोठ्याने म्हटले तर त्यांना गप्प करण्याची घाई करू नये.

याच एलकुंचवारांची हकिकत प्रसिद्ध आहे. सिनेमाची तिकिटे मिळाली नाहीत म्हणून ते नागपुरात तेंडुलकरांचे ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहावयास गेले; विजया मेहतांनी दिग्दर्शित केलेल्या त्या प्रयोगाने ते इतके भारावले की दुसऱ्या दिवशी तेच नाटक पुन्हा पाहून आले, आणि आपणही नाटके लिहावीत हे त्यांनी तेथे ठरवले. दुसऱ्या दिवशीची ही चैन शहरात राहणाऱ्यालाच साधते. बोरी अरबच्या कुटुंबाला रविवारी दुपारचीच गाडी धरणे भाग असते, कारण सोमवारी सकाळी कापूस वेचणाऱ्या बाया वावरात हजर होणार असतात.