पडदा काळा? कार्डावरचा आकडा वाचा
पंखा फिरतो, पण पडद्यावर काहीच नाही. वीज बंद करून डायग्नोस्टिक कार्ड पीसीआय स्लॉटमध्ये बसवा आणि संगणक सुरू करा. बायोस प्रत्येक तपासणीचा संकेत ८०एच पोर्टवर पाठवतो, कार्ड तो दोन अंकांत दाखवते. आकडा जिथे अडकला, तिथून शोध सुरू. जुन्या अवॉर्ड बायोसवर ‘सी१’ म्हणजे बहुधा रॅम. बीडच्या उन्हाळी धुळीत नवी रॅम घेण्याआधी जुनीच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने जरूर पुसून पाहा. एएमआय बायोसचे संकेत वेगळे असतात. आकडा सुरुवातीपासून ‘००’वरच राहिला, तर बहुधा प्रोसेसर कामालाच लागलेला नसतो. कार्डावरचा ३.३, ५ किंवा १२ व्होल्टचा दिवा विझलेला दिसला, तर बोर्ड भंगारात काढू नका; आधी एसएमपीएस बदलून पाहा.