घरच्या सुतारशाळेसाठी लहान स्पिंडल शेपर

सुतारकामाचा छंद असलेल्या गृहस्थास एक वेळ अशी येते की करवत, रंधा आणि पटाशी यांवर त्याचे भागत नाही. कपाटाच्या दारांना गोलाईची कड हवी असते, तसबिरींच्या चौकटींना खाच हवी असते, आणि हातरंध्याने एकेक पट्टी काढता काढता पाठ बोलू लागते. मग लहान स्पिंडल शेपर घेण्याचा विचार मनात येतो. ज्या बडोद्यात १८९० साली कलाभवन स्थापन होऊन हातच्या कसबास शिक्षणाचा मान मिळाला, तेथील मराठी घरांतून असे छंदिष्ट आजही भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : मोटार किती अश्वशक्तीची घ्यावी? आमच्या मते हा प्रश्न तिसरा असावयास हवा.

यंत्राची रचना साधी आहे. मेजाच्या मधून एक उभा दांडा वर येतो, त्यावर कटर बसवितात, आणि मागच्या आडपट्टीला टेकवून लाकूड हाताने पुढे सरकवितात. धार सेकंदाला शेकडो वेळा लाकडास लागते आणि बोटे तिच्यापासून फार दूर नसतात. निवड करताना हे विसरून चालणार नाही.

पहिला प्रश्न दांड्याचा. लहान यंत्रांत तो अर्धा, पाऊण किंवा एक इंच जाडीचा असतो. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे पाऊण इंची दांडा अर्ध्या इंचीपेक्षा सुमारे पाचपट ताठ. अर्ध्या इंचीवर बारीक कडा काढाव्यात. दारांच्या दिल्ह्यांना उतार देणारा मोठा कटर त्यावर चढविणे धोक्याचे. घरच्या कामास पाऊण इंची दांडा पुरतो.

दुसरा प्रश्न वजनाचा. मेज ओतीव लोखंडाचे आणि सपाट असावे. हलके यंत्र थरथरते. त्याने लाकडावर लाटा उठतात, आणि लाकूड हातात उसळू लागते. एका दुकानात आम्हांस दाखविलेले यंत्र मोठे देखणे होते. परंतु ते सुरू करताच मेजावर उभे केलेले रुपयाचे नाणे आडवे झाले. आम्ही तेथूनच नमस्कार केला.

आता मोटार. घरच्या सिंगल फेज विजेवर तीन अश्वशक्तीची मोटार पूर्ण भाराखाली पंधरा अँपियरच्या आसपास वीज घेते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. म्हणून जुन्या वायरिंगवर ती जोडण्यापूर्वी जाणत्या वायरमनला दाखवावे. हलक्या कामास दीड ते दोन अश्वशक्ती पुष्कळ होते. वेगाचे गणितही पाहावे. मिनिटास ८,००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या ५० मिलिमीटर व्यासाच्या कटरची धार सेकंदास २१ मीटर जाते. १०० मिलिमीटरची ४२ मीटर. कटरवर कोरलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. सागवान धार लवकर बोथट करतो. त्यास कार्बाइडच्या टोकांचे कटर बरे.

यंत्रासोबत कटर झाकणारे आवरण आणि भुसा ओढणारे तोंड मिळते की नाही, हे दर ठरविण्यापूर्वी विचारावे. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच दिला आहे. स्वयंपाकघराशेजारच्या पडवीत सुतारशाळा असेल, तर ती धूळ एकट्या सुताराच्या छातीत जात नाही.

आमच्या परिचयाचे एक सद्गृहस्थ तबल्याच्या साथीने उत्तम पेटी वाजवीत. एके संध्याकाळी त्यांनी वीतभर लांबीचा तुकडा, आवरण काढून, कटर फिरतो त्याच दिशेने सरकविला. कटरने तुकडा ओढून नेला, आणि त्याबरोबर उजव्या तर्जनीचे एक पेर. सुतारकाम ते आजही करतात. पेटी मात्र तेव्हापासून झाकलेलीच आहे. लाकूड नेहमी कटरच्या फिरण्याविरुद्ध सरकवावे. आखूड तुकड्यास हात लावू नये. लांब फळीवर कड काढून मग तुकडा कापावा. जमेल तेथे कटर लाकडाच्या खालच्या अंगास ठेवावा, म्हणजे लाकूडच त्याचे झाकण होते.

वर्षाकाठी चारदोन तसबिरीच करावयाच्या असतील, तर मेजाखाली बसविलेला राउटर पुरेसा आहे. तो जागा आणि पैसा दोन्ही वाचवितो. घरभर दारे-खिडक्या करावयाच्या असतील, तरच शेपर घ्यावा, आणि तोही जड, ताठ व झाकलेला. तसा परवडत नसेल, तर वर्षभर थांबावे. हातरंध्याने कड काढणारी बोटे तोवर दहाच राहतात, हा लाभ थोडा नव्हे.