गार तळहात

पहिला पाऊस पडला की सौंसर-पांढुर्ण्याकडची म्हातारी माणसं पोरांना बजावतात, धुऱ्यावरचा दगड हातानं उचलू नको, काठीनं उलथव. खाली इंचू असतो. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण जिवावर उठतो तो बोटाएवढा लालसर विंचू. पुष्कळ दंशांत फक्त ठणका लागतो आणि तो आपोआप उतरतो. म्हणूनच विंचू उतरवणाऱ्याच्या मंत्राला यश मिळाल्यासारखं वाटतं, आणि लाल विंचवाच्या रोग्याचे मोलाचे तास तिथेच जातात.

लाल विंचवाच्या विषानं चेतातंतूंमधली सोडियमची दारं मिटेनाशी होतात. तंतू सारखे पेटत राहतात आणि अंगात ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ रिसेप्टरला, म्हणजे त्याच्या बसायच्या जागेला, तो भिडला की वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. रोगी घामानं निथळत असतो आणि हातपाय मात्र गारठलेले. म्हणजे जीव घेतो तो विषानं खवळवलेला आपल्याच शरीराचा रस.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. समोर विंचवाचे रोगी दगावत होते. ते खाटेशेजारी बसून नाडी, घाम, श्वास टिपत राहिले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं त्यांची निरीक्षणं छापली. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाच्या सलाईननं आधी काही रोगी वाचले, पण त्यासाठी क्षणोक्षणी लक्ष ठेवावं लागे. खेड्यात ते कुठून जमणार? मग रक्तदाबावरची एक साधी गोळी पुढे आली : प्राझोसिन.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच हे औषध वागतं. अल्फा-१ची जागा ते धरून ठेवतं, स्वतः काही करत नाही. नॉरॲड्रेनॅलिन येतं आणि उभंच राहतं. वाहिन्या सैलावतात. याच गुणामुळे प्रयोगशाळेत किरणोत्सारी खूण लावलेलं प्राझोसिन वापरून मेंदूच्या कुठल्या भागात असे किती रिसेप्टर आहेत ते मोजतात. मेंदूच्या संशोधकाचं हे हत्यार महाडच्या खाटेवर जीव वाचवायला आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

विष मात्र अंगात तसंच राहतं. त्यावर उतारा म्हणजे प्रतिविष. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकरांनी ७० रोग्यांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’त आली. दहा तासांनी, नुसतं प्राझोसिन घेतलेल्या ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे होते. सोबत प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२.

गोळी घरी घ्यायची नाही. रक्तदाब एकदम उतरून रोग्याला घेरी येऊ शकते, म्हणून त्याला आडवंच ठेवतात, उठून बसू देत नाहीत. डॉक्टर अधूनमधून त्याचा तळहात चाचपतात. हळूहळू तो कोमट होत जातो.