विश्लेषण : चिलखत वाचवते की अडवते? फाशांच्या खेळातले ओझे आणि माहूरची रायबागन

टेबलाभोवती बसून खेळायच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्राने अंगावर काय घातले आणि पाठीवर किती वाहिले, याचा हिशेब असतो. अनेक खेळाडू तो कंटाळवाणा म्हणून सोडून देतात. मात्र माहूरच्या रायबागनने १६६१ मध्ये पाहिलेल्या लढाईत हाच हिशेब मोगलांना महागात पडला.

चिलखताचा नियम काय?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये आला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत साध्या कपड्यातील पात्राचा बचावाचा आकडा १० असतो आणि त्यात चपळाईचे गुण मिळतात. कड्यांचे चिलखत घातले की तो थेट १६ होतो, पोलादी पत्र्याच्या पूर्ण चिलखतात १८. शत्रूच्या वीस बाजूंच्या फाशाची बेरीज तिथवर पोहोचली तरच वार लागतो. बदल्यात, कड्यांच्या चिलखतात लपायचे झाल्यास दोन फासे टाकून कमी पडलेले दान धरावे लागते.

ओझे कसे मोजतात?

पात्र ताकदीच्या १५ पट पौंड वजन वाहू शकते. ऐच्छिक नियम अधिक कडक आहे: ओझे ताकदीच्या पाचपटीपुढे गेले की वेग १० फुटांनी घटतो. ताकद १३ असेल तर मर्यादा ६५ पौंड. कड्यांचे चिलखत ५५, ढाल ६ आणि तलवार ३, असे ६४ पौंड झाले. त्यात ५ पौंडांची भरलेली पाण्याची पिशवी घेतली की मर्यादा ओलांडली. म्हणजे पाणी घ्या किंवा वेग राखा!

हे वजन खरे आहे का?

थोडे फुगवलेले आहे. ५५ पौंड म्हणजे सुमारे २५ किलो. कड्यांचा खरा अंगरखा साधारण १० ते १५ किलोंचा असे.

उंबरखिंडीत काय घडले?

पुण्यात तळ ठोकलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात धाडले. सोबत माहूरच्या उदाराम देशमुख घराण्यातील सावित्रीबाई ऊर्फ रायबागन होती. आजच्या खोपोलीजवळच्या दाट जंगलात, चिंचोळ्या वाटेवर सामानसुमानासह चालणारी ही फौज २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, प्यायला पाणी नाही. ‘शिवभारता’नुसार, या वाटेने आल्याबद्दल रायबागनने खानाला सुनावले आणि शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी देऊन, सामान टाकून फौज परतली. खेळाच्या भाषेत सांगायचे तर मोगलांचा बचावाचा आकडा कमी नव्हता. कमी पडले ते वेग आणि पाणी.

मग चिलखत निरुपयोगी का?

अजिबात नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते आणि त्याने जीव वाचवला. तिथे धोका हातभर अंतरावर होता, घाट पार करायचा नव्हता.

खेळाडूंनी काय करावे?

प्रत्येक डावात पौंड मोजत बसण्याची गरज नाही. घाट, जंगल, नदी किंवा पाठलाग आला की मात्र वही उघडावी. काय टाकायचे आणि काय ठेवायचे, हा निर्णय तिथेच खरा ठरतो.