घरबसल्या पाहिलेली ‘कट्यार’

२०२० चा एप्रिल महिना आपल्यापैकी कोणीही विसरणार नाही. लोकल बंद, शाळा बंद, मशिदींचे दरवाजे बंद. कल्याणच्या दूधनाक्यावर एरवी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. तिथे त्या दिवसांत पोलिसांच्या शिट्टीशिवाय काही ऐकू येत नव्हते. दोन खोल्यांच्या घरात आम्ही पती-पत्नी, अम्मी, अब्बा आणि दोन मुले, अशी सहा माणसे दिवस मोजत होतो.

आजाराची भीती सगळ्यांनाच होती. आपल्याला त्याबरोबर आणखी एक गोष्ट सोसावी लागली. डोंबिवलीत फळांची हातगाडी लावणारा आमचा मावसभाऊ एके दिवशी भरलेली गाडी घेऊनच परत आला. एका इमारतीच्या फाटकावर त्याला भाव विचारण्याआधी नाव विचारले गेले होते. नववीत शिकणाऱ्या आमच्या मुलीच्या मोबाइलवर, वर्गमैत्रिणींच्या गटात, कोणी कोणी आपल्या समाजाबद्दल पुढे ढकललेले संदेश येऊन पडत. ती काही बोलत नसे. फक्त मोबाइल पालथा ठेवत असे.

त्याच महिन्यात, १७ एप्रिलच्या रात्री साडेअकरा वाजता, तिच्या खोलीतून गाण्याचा आवाज आला. ती इंग्रजी संगीत नाटक पाहत होती. नाटकघरे बंद झाल्यामुळे लंडनचे प्रसिद्ध संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांच्या नाटकांची चित्रणे यूट्यूबवर दर शुक्रवारी दाखवली जात होती. ठरावीक तासांपुरती, विनामूल्य. त्या रात्री ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ होते. नाटकाला २५ वर्षे झाली तेव्हा, २०११ मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये केलेल्या प्रयोगाचे ते चित्रण.

अम्मींना झोप लागत नव्हती. त्या नातीजवळ जाऊन बसल्या. भाषा कळत नव्हती, तरी अर्धा तास टक लावून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, हे तर आपलं संगीत नाटक! बोलता बोलता माणसं गायला लागतात. मी ‘कट्यार’ पाहिलंय, शिवाजी मंदिरला. लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. तुझ्या दादांनी नेलं होतं. परत येताना शेवटची गाडी धावत पकडली होती आम्ही.”

मुलगी चकित झाली. आम्हीही झालो. कारण आमच्या आठवणीत अब्बांनी घरात कधी गाणे लावू दिले नव्हते. तरुणपणी त्यांना गाण्याची फार ओढ होती, हे आम्हाला त्या रात्री कळले. पुढे दीनदारीकडे कल वाढला तसे त्यांनी ते सोडले. संगीताबद्दल आपल्या समाजात वेगवेगळी मते आहेत, हे वाचक जाणतातच. काही घरांत वाद्यांचा आवाज चालत नाही आणि त्यामागची श्रद्धा आदर करण्यासारखी आहे. अब्बांचेही तेच मत आहे. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “रमजान आठवड्यावर आलाय. आता हे नको.” विषय तिथेच संपला. त्या वर्षी तरावीह घरातच झाली, ईद घरातच झाली, १ ऑगस्टची बकरी ईदही घरातच गेली.

ऑगस्टमधल्या पावसात मुलीने पुन्हा विषय काढला. “दादींनी पाहिलेलं नाटक नेटवर आहे. आपण सगळे बघू या ना!” अब्बा म्हणाले, “तुम्ही बघा. मी पेपर वाचीन.” ठाण्याला राबोडीत राहणाऱ्या फुफूलाही सांगितले. तिने तिच्या घरी आणि आम्ही आमच्या घरी, फोनवर ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकाच वेळी नाटक सुरू केले. मध्ये दोनदा नेट अडकले, एकदा लाइट गेली. तीन तासांचे नाटक आम्ही दोन रात्री पाहिले. नाटकाला जायचे म्हणून अम्मींनी चांगली साडी नेसली होती. मध्यंतरात चहा आणि खारी झाली.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. एका संस्थानात राजगायकाच्या पदासाठी दोन गायकांत चढाओढ आहे. एक पंडित भानुशंकर, दुसरे खाँसाहेब आफताब हुसेन. जो राजगायक होईल त्याला हवेली मिळते आणि एक कट्यार मिळते. त्या कट्यारीने केलेला एक खून माफ. खाँसाहेब वर्षानुवर्षे हरत आलेले. शेवटी ते पद त्यांना मिळते. पंडितजींकडे शिकायला निघालेला सदाशिव त्याच हवेलीत नोकर म्हणून राहतो आणि खाँसाहेबांचे गाणे चोरून ऐकून शिकतो. आपल्या घराण्याची विद्या चोरली गेली हे कळल्यावर खाँसाहेबांचा हात कट्यारीकडे जातो. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी यावर काढलेला चित्रपट अनेकांनी पाहिला असेल.

पहिल्या रात्री नाटक थांबवले तेव्हा मुलगी गप्प होती. मग तिने विचारले, “नाटकातसुद्धा वाईट माणूस आपलाच का?”

खोलीत कोणी काही बोलेना. चार महिन्यांपासून जे तिने मनात ठेवले होते ते त्या प्रश्नात होते. फोनवर राबोडीहून फुफूही गप्प झाली.

आधी अम्मी बोलल्या. “वाईट नाही गं तो. हरलेला माणूस आहे. रोज हरून घरी येणाऱ्या माणसाच्या मनात काय काय येतं, ते बघ. आणि गाण्यावर त्याचा जीव किती आहे तेही बघ.”

मग पेपरच्या आडून अब्बांचा आवाज आला. “खाँसाहेबांचं काम पहिल्यांदा कोणी केलं, ठाऊक आहे? वसंतराव देशपांड्यांनी. आणि देशपांडे मारवा शिकले कोणाकडे? लाहोरला जाऊन, असद अली खाँसाहेबांकडे. ज्यांनी चाली बांधल्या ते अभिषेकीबुवा? अजमत हुसेन खाँसाहेबांकडे. जरा शोधा. मग विचारा आपला कोण ते.”

पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या गोष्टीचा एकेक तपशील त्यांना आठवत होता. दुसऱ्या रात्री त्यांची खुर्ची खिडकीशीच होती, पण पेपर घडी करून मांडीवर ठेवलेला होता.

शेवटच्या प्रवेशात खाँसाहेबांचा उगारलेला हात थांबतो. समोरच्या पोराचे गाणे खरे आहे हे त्यांच्यातला गवई ओळखतो. लेखकाला खाँसाहेबांना नुसते खलनायक करायचे असते तर हा शेवट त्याने लिहिला नसता. मुलीने दुसऱ्या रात्री पहिला प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिने वेगळाच प्रश्न विचारला. “हे तबला, पेटी वाजवतंय कोण? दिसत का नाहीत?”

प्रश्न बरोबर होता. नाटकघरात बसले की कुठे पाहायचे हे आपण ठरवतो. नट गात असताना नजर रंगमंचाच्या कडेला बसलेल्या तबलजीकडे वळू शकते. पडद्यावर ते कॅमेरा ठरवतो आणि कॅमेरा गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. साथ ऐकू येते, साथीदार दिसत नाहीत.

अब्बांनी शोधायला सांगितले होते, म्हणून पुढचे काही दिवस आम्ही सगळे शोधत बसलो. जे सापडले त्याने आमचेच डोळे उघडले.

मराठी संगीत नाटकाची सुरुवात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून मानतात. पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढे बालगंधर्वांनी हे नाटक घराघरांत नेले. त्यांचे ‘स्वयंवर’ १९१६ चे. त्याला चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनी. भास्करबुवा शिकले होते ते फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ या उस्तादांकडे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले. म्हणजे ज्या नाट्यगीतांवर महाराष्ट्राने जीव टाकला, त्यांच्या मुळाशी उस्तादांची तालीम होती.

बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. पुढे थिरकवा खाँसाहेबांना देशाने पद्मभूषण दिले. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व रंगभूमीवर गाजले आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. खाँसाहेबांची कन्या हिराबाई बडोदेकर यांनीही रंगभूमी गाजवली. १९३७ मध्ये खाँसाहेबांचे निधन झाले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे.

त्याच मिरजेतली आणखी एक गोष्ट मुलीला फार आवडली. तिथले सतार-तंबोरे देशभर जातात. ते बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारे घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या कारागिरांची. संस्थानी लढाया सरल्या, हत्यारांचे काम कमी झाले, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंबोरे बनवायला घेतले. “म्हणजे कट्यार ठेवली आणि तंबोरा घेतला,” ती म्हणाली. मग तिने ही सगळी नावे एका कागदावर लिहिली आणि त्याचा फोटो काढून तोच, मैत्रिणींचा गट उघडला. आम्ही म्हटले, “भांडण नको.” ती म्हणाली, “भांडत नाहीये, फक्त नावं सांगतेय.” दोघींनी उत्तर दिले. एकीने लिहिले की तिची आजी डोंबिवलीत गाणे शिकवते आणि तिच्याकडे थिरकवांची तबकडी आहे. बाकीच्यांनी काही लिहिले नाही. सगळे बदलले असे आम्ही म्हणणार नाही. पण मोबाइल पालथा ठेवणे बंद झाले.

अब्बांचे मत बदलले का? नाही. आजही ते घरात गाणे लावत नाहीत. आमचे बोलणे झाले तेव्हा ते इतकेच म्हणाले, “ऐकायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव घ्यावं. आणि आपल्या माणसांची नावं आपल्या मुलांना ठाऊक असावीत.” आम्हाला ते पटले. आपल्या मुलांना मराठी रंगभूमी दुसऱ्या कोणाची तरी वाटते, कारण त्या रंगभूमीवरची आपली माणसे आपणच त्यांना कधी दाखवली नाहीत.

घरबसल्या नाटक पाहण्याचे फायदे आम्ही अनुभवले. गुडघेदुखीमुळे जिना न चढणाऱ्या अम्मी, रात्रीचा प्रवास न झेपणारी फुफू, चार तिकिटांचा खर्च न परवडणारे घर, सगळ्यांना पहिल्या रांगेत जागा मिळाली. नाटक थांबवून प्रश्न विचारता आला. नाटकघरात तो प्रश्न मुलीच्या मनातच राहिला असता.

पण याची दुसरी बाजूही आहे. आम्ही जे पाहिले त्याचे आम्ही काहीच दिले नव्हते. मार्च २०२० मध्ये नाटकघरे बंद झाली. नोव्हेंबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर उघडली. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, ती २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. रोजच्या प्रयोगावर पोट असणारे नेपथ्यवाले, प्रकाशयोजनेचे कामगार, कपडेपट सांभाळणारे आणि वादक या काळात रिकाम्या हाताने बसले होते. फळांची भरलेली गाडी परत आणणाऱ्या भावाचे दुःख आम्ही पाहिले होते, त्यामुळे हेही कळले. म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. जुने नाटक अधिकृत ठिकाणीच पाहा, सगळे मिळून पाहा, संपल्यावर मुलांशी बोला. आणि वर्षातून एकदा तरी तिकीट काढून नाटकाला जा.

आम्ही गेलो. नाटकघरे उघडल्यावर ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये संगीत नाटकाचा प्रयोग लागला. फुफू राबोडीहून रिक्षाने आली, आम्ही कल्याणहून लोकलने. एकाआड एक खुर्ची रिकामी होती, तोंडावर मास्क होते. अम्मींना जिन्याचा त्रास नको म्हणून त्या अब्बांजवळ घरी थांबल्या. पडदा उघडला तेव्हा सगळे नटीकडे पाहत होते. आमची मुलगी मान वाकडी करून कडेला बसलेल्या वादकांकडे पाहत होती. प्रयोग संपल्यावर ती त्यांच्याजवळ गेली आणि दोघांची नावे विचारून आली.

रात्री उशिरा घरी पोहोचलो. अम्मी जाग्या होत्या. नाटक कसे झाले हे त्यांनी विचारायच्या आत आतल्या खोलीतून अब्बांनी विचारले, “तबल्यावर कोण होतं?”

मुलीने नाव सांगितले.